मातृभाषेचा रकाना

अनोळखी गावात गेले की आधी शाळा कुठे आहे ते विचारायचे आणि शाळा सापडली की पट किती ते विचारायचे, ही सवय मला नोकरीने लावली. छत्तीस वर्षे बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांत शिकवल्यावर ती निवृत्तीबरोबर सुटावी अशी अपेक्षा करणेच चूक. बाहेरच्या माणसाला पट म्हणजे शाळेत किती मुले आहेत याचा आकडा. शिक्षकाला मात्र त्या आकड्यात आपली जागा, सोबत्याची जागा, वर्गखोलीचे छप्पर आणि पुढच्या वर्षी शाळा उघडेल की नाही याचे उत्तर दिसत असते. संचमान्यतेच्या दिवसांत आम्ही एकमेकींना प्रकृती विचारायच्या आधी पट विचारत असू.

जुलै 2024 मध्ये कुंभकोणमला गेले तेव्हा हीच सवय मला तिथल्या एका शाळेत घेऊन गेली. कुंभकोणम हे माझे आजोळ. आई 2023 साली गेली. त्यानंतर वर्षभराने मामेभावाने कळवले की घर विकायचे ठरले आहे, एकदा येऊन पाहून जा. मला घर पाहायचे होतेच. पण त्याहून अधिक ओढ एका गोष्टीची होती. कावेरीकडे उतरणाऱ्या एका अरुंद रस्त्यावर महानगरपालिकेची जी प्राथमिक शाळा आहे, तिच्यात आई पाचवीपर्यंत शिकली. 1942 ते 1947. दुसऱ्यांच्या मुलांची नावे मी आयुष्यभर रजिस्टरात उतरवली. आपल्या आईचे नाव एखाद्या रजिस्टरात कसे उतरले आहे हे एकदा पाहावे असे मनात होते.

कुंभकोणम आणि मराठी यांचा संबंध आज महाराष्ट्रात पुन्हा सांगावा लागतो. शिवाजीमहाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी सतराव्या शतकाच्या शेवटच्या पर्वात तंजावरात राज्य स्थापन केले आणि ते 1855 पर्यंत टिकले. त्या राज्याच्या आश्रयाने जी मराठी घराणी कावेरीच्या खोऱ्यात उतरली, त्यांतली कित्येक कुंभकोणमला स्थायिक झाली. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे या तीन संस्थानांचे दिवाणपद भूषविणारे सर टी. माधवराव 1828 साली इथेच जन्मले; सामाजिक सुधारणांसाठी ओळखले गेलेले दिवाणबहादूर रघुनाथराव हेही इथलेच. तमिळ शेजारी या घराण्यांना 'रायर' म्हणतात. आमचे घराणे मात्र दिवाणांच्या पंगतीतले नव्हे. आजोबा एका देवस्थानच्या कचेरीत हिशेब लिहीत. घरचा जमाखर्च ते मोडीत ठेवत, पोथी बाळबोधीत वाचत, कचेरीत तमिळ आणि इंग्रजी वापरत. चार कामांना चार लिप्या वापरतो यात त्यांना काही विशेष वाटत नसावे.

आई लग्न होऊन मराठवाड्यात आली तेव्हा तिचे मराठी सासरी चेष्टेचा विषय झाले. शब्द जुने, हेल तमिळ, आणि वाक्य संपताना किंचित वर उचललेला सूर. 'ही कुठली भाषा?' असे माझ्या आत्याने विचारले होते म्हणे, आणि आईने 'तुमचीच' असे उत्तर दिले होते. काही वर्षांत तिने तो सूर गिळला. दोन गोष्टी मात्र शेवटपर्यंत तशाच राहिल्या. एक म्हणजे वांग्याची रसवांगी, जी आमच्या घराबाहेर त्या गावात कोणालाच ठाऊक नव्हती. दुसरी म्हणजे मोजणे. देवाला ती मराठीत आळवी, आमच्यावर मराठीत रागावे. पण पोळ्या, पैसे, धोब्याचे कपडे, दुधाची मापे सारे काही ओठांतल्या ओठांत तमिळमध्ये मोजी. ओण्णु, रेंडु, मूणु. लहानपणी मला ते एखाद्या मंत्रासारखे वाटे. ज्या भाषेत माणूस शाळेत पाढे शिकतो तिच्यातच तो जन्मभर मोजतो, हे मला शिक्षिका झाल्यावर कळले.

सोमवारी, 15 जुलैला, अण्णा मला शाळेत घेऊन गेला. तो कामराजांचा जन्मदिवस. तमिळनाडूतल्या शाळांत तो शिक्षणविकासाचा दिवस म्हणून पाळतात. फाटकातून शिरताच कामराजांची हार घातलेली तसबीर दिसली आणि उपम्याचा वास आला. 1956 साली कामराजांच्या सरकारने शाळांत दुपारचे जेवण सुरू केले, 1982 मध्ये एम. जी. रामचंद्रन यांनी त्या योजनेचा मोठा विस्तार केला, आणि 2022 पासून टप्प्याटप्प्याने सकाळची न्याहारीही आली. मुले ओळीने बसून उपमा आणि सांबार खात होती. मी सवयीने मोजू लागले. दोनदा मोजले, कारण पहिल्यांदा विश्वास बसला नाही. पाच इयत्ता मिळून तिशीच्या आत.

मुख्याध्यापिका पन्नाशीच्या, कपाळाला विभूती, हातात किल्ल्यांचा जुडगा. माझे तमिळ स्वयंपाकघरापुरते आणि त्यांचे इंग्रजी परिपत्रकापुरते. परंतु दोन प्राथमिक शिक्षिकांना बोलायला फारशी भाषा लागत नाही. त्यांनी मला विचारले, तुमच्या शाळेचा पट किती होता? मी सांगितले. त्यांनी त्यांचा सांगितला. मग आम्ही दोघी हसलो.

शिक्षणहक्क कायद्याने प्राथमिक शाळेत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक द्यावे लागतात, म्हणून ही शाळा दोन शिक्षिकांवर उभी आहे. एका खोलीत पहिली-दुसरी-तिसरी, दुसरीत चौथी-पाचवी. उरलेल्या खोल्यांत मोडके बाक आणि निवडणुकीच्या मतदानकेंद्राचे कागद. खोल्यांची संख्या पाहिली की एके काळी इथे दोन-अडीचशे मुले सहज बसत असतील हे दिसते. ती गेली कुठे? बाईंनी कारणे सांगितली ती मला नवी नव्हती. सकाळी त्याच रस्त्यावरून तीन इंग्रजी शाळांच्या व्हॅन जातात. सरकारी शाळांतही दशकभरापूर्वी इंग्रजी तुकड्या निघाल्या, पण पालकांना तुकडी नको, गळ्याचा टाय हवा. खाजगी शाळांतल्या 25 टक्के जागा दुर्बल घटकांसाठी राखल्या गेल्या, तेव्हा या रस्त्यावरची जी मुले इथे आली असती तीही तिकडे गेली. जुनी घरे विकली गेली, तिथे लॉज झाले; माणसे गावाबाहेरच्या वसाहतींत राहायला गेली. आणि मुळात मुलेच कमी जन्मतात. 2019–21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तमिळनाडूचा एकूण जननदर 1.8 होता. हे कारण सांगताना बाईंच्या चेहऱ्यावर तक्रार नव्हती; त्यांना स्वतःला एकच मुलगी. महाराष्ट्राचा आकडा त्याच पाहणीत 1.7 होता, तेव्हा आम्हांला बोलायला जागा नाहीच. आपल्याकडे 2023 साली वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा करण्याचा विचार पुढे आला, तेव्हा अशा शाळांची संख्या चौदा हजारांच्या वर निघाली होती.

मे महिन्याच्या उन्हात बाई दारोदार हिंडतात. विजयादशमीलाही प्रवेश देतात, कारण त्या दिवशी अक्षराचा आरंभ करण्याची तिकडे प्रथा आहे. मी त्यांना रामानुजनची गोष्ट काढून दिली. ती त्यांना माझ्याहून चांगली माहीत होती. रामानुजन याच गावात वाढला, सारंगपाणी मंदिराजवळचे त्याचे घर आता लोक पाहायला जातात. त्याला लहानपणी काही काळ मद्रासला ठेवले होते, तेव्हा तिथल्या शाळेत जायला तो इतका नाखूश असे की घरच्यांनी त्याला शाळेत पोचवण्यासाठी एका पोलीस शिपायाला गाठले. पुढे तो कुंभकोणमच्या प्राथमिक शाळेत परतला आणि 1897 साली प्राथमिकच्या परीक्षेत जिल्ह्यात पहिला आला. बाई म्हणाल्या, 'आमच्याकडे शिपाई नाही. मीच जाते.'

न्याहारी झाल्यावर त्यांनी मुलांची ओळख करून दिली. समया आणि पितळी भांडी ओतणाऱ्या कारागिरांची काही, फुले विकणाऱ्या बाईची दोन, घरकाम करणाऱ्यांची, रिक्षावाल्याची, रेशीम विणणाऱ्या सौराष्ट्री घरातली एक मुलगी; आणि एका कोपऱ्यात बिहारहून आलेल्या बांधकाम-मजुराची दोन मुले, एक तिसरीत आणि एक पहिलीत. रायरांचे एकही नाही, अय्यंगारांचे एकही नाही. ज्या घरांना दुसरा पर्याय आहे त्यांनी तो घेतला आहे. कोण शिकते याची मोजणी या भागात फार जुनी आहे. 1822 साली मद्रासचा गव्हर्नर टॉमस मन्रो याने प्रांतातल्या सगळ्या जिल्हाधिकाऱ्यांकडून शाळांची आणि विद्यार्थ्यांची जातवार यादी मागवली. 1826 मध्ये जी बेरीज झाली ती 12,498 शाळा आणि 1,88,650 विद्यार्थी. तमिळ भागात त्या विद्यार्थ्यांत ब्राह्मण अल्पसंख्य होते हे धर्मपालांनी ते कागद प्रसिद्ध केल्यापासून अभ्यासकांना माहीत आहे. मुली जवळजवळ नव्हत्याच. आता या शाळेत मुलीच अधिक आहेत. घरात पैसे थोडे असले की व्हॅनमध्ये मुलगा बसतो.

त्या बिहारी मुलांकडे पाहताना मला सरफोजी राजांच्या एका पत्राची आठवण झाली. तंजावरच्या छत्रांविषयी म्हणजे धर्मशाळांविषयी त्यांनी 1801 साली ब्रिटिश रेसिडेंटला लिहिलेले ते पत्र आहे. छत्रात येणाऱ्या परक्या प्रवाशांची अनाथ झालेली मुले शाळामास्तरांच्या स्वाधीन करतात, त्यांना दिवसातून तीनदा जेवू घालतात, चार दिवसांनी एकदा तेल लावून न्हाऊ घालतात आणि त्यांना आवडेल ती विद्या शिकवतात, असा त्यात मजकूर आहे. राज्य हातातून गेलेल्या राजाने ते लिहिले, देणग्या चालू राहाव्यात म्हणून लिहिले, हे खरे. पण चार दिवसांनी एकदा तेल, हा तपशील मास्तर कोणाच्या डोक्याला तेल लावतो हे पाहिलेल्या माणसाचा आहे. याच राजाने तंजावरात देवनागरी खिळ्यांचा छापखाना घातला आणि 1806 मध्ये तिथून 'बालबोध मुक्तावळी' हे इसापच्या गोष्टींचे मराठी पुस्तक छापून निघाले. मुंबईत मराठी शालेय पुस्तके निघू लागण्याच्या कितीतरी आधी, इथे कावेरीकाठी.

मग बाईंनी कपाट उघडले. जुनी रजिस्टरे लाल कापडात बांधून ठेवली होती आणि त्यांत कडुनिंबाचा वाळलेला पाला होता. 1942 चे सापडायला अर्धा तास लागला. नोंदी इंग्रजीत, बोरूच्या वळणदार अक्षरांत, शाई तपकिरी झालेली. एका पानावर मी मोजले तर पाच-सहा मुलांच्या नावापुढे राव होते आणि तीन मुलींच्या नावापुढे बाई. त्यांत आई होती. वडिलांचे नाव, धंदा, जन्मतारीख. जन्मतारीख आम्ही साजरी करत होतो त्याहून चार महिने आधीची निघाली. शाळेत घालण्यासाठी वय वाढवण्याची युक्ती माझ्या आजोबांनाही ठाऊक होती तर! आणि त्यापुढे मातृभाषेचा रकाना. त्यात लिहिले होते: टॅमिल.

मी वरखाली पाहिले. इतर दोन बाईंपुढे 'महारत्ती' असे होते. एका सौराष्ट्री मुलापुढे त्याची भाषा नेमकी नोंदलेली होती. म्हणजे लिहिणारा कारकून निष्काळजी नव्हता. त्याने विचारले असणार आणि त्याला उत्तर मिळाले असणार.

बाईंना वाटले, मला नाव सापडल्याचा आनंद झाला आहे. त्यांनी मला पाणी दिले.

घरी परतताना अण्णाला विचारले. त्याचे मराठी मी इथे माझ्या मराठीत उतरवते आहे. तो म्हणाला, 'तात्यांनीच सांगितलं असेल. दुसरं कोण सांगणार?' का सांगितले असेल? त्याने दोन-तीन तर्क केले. 1937 नंतर मद्रास प्रांतात हिंदी सक्तीची करण्यावरून मोठे आंदोलन झाले होते. सक्ती 1940 मध्ये उठली, पण बाळबोध लिपी दिसली तरी हिंदीवाले म्हणून बघणारे लोक त्या काळात होते. शिवाय शाळेत तमिळच शिकवायचे, मग वेगळी भाषा सांगून कशाला मास्तरांच्या डोळ्यांवर यायचे? 'किंवा,' अण्णा म्हणाला, 'त्यांना खरंच तसं वाटत असेल. अडीचशे वर्षं झाली होती. किती दिवस परकं राहायचं?' माझ्या डोळ्यांसमोर मोडीत जमाखर्च लिहिणारे आजोबा होते. त्यांना असे वाटले असेल हे मला पटेना. पण अण्णाच्या स्वतःच्या मुलांच्या दाखल्यावर काय आहे ते मी विचारले नाही. ती मुले चेन्नईत आणि अमेरिकेत आहेत, आजीशी तमिळ बोलत मोठी झाली आणि त्यांना मराठी समजते, एवढे मला माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी 16 जुलै होती. या तारखेला कुंभकोणमात कोणाला काही समजावून सांगावे लागत नाही. 2004 साली याच तारखेला, शुक्रवारी सकाळी, काशीरामन रस्त्यावरच्या एका शाळेत दुपारच्या जेवणाच्या स्वयंपाकघरातून आग भडकली, वरच्या मजल्यावरच्या झावळ्यांच्या छपराने ती घेतली आणि 94 मुले गेली. एकाच इमारतीत एकाच व्यवस्थापनाच्या तीन शाळा भरत होत्या. मेली ती प्राथमिकची मुले. पुढे न्यायमूर्ती संपत यांचा आयोग बसला, शाळांची गवती आणि झावळ्यांची छपरे उतरवण्याचे हुकूम निघाले, 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशभरच्या शाळांसाठी आगीपासून सुरक्षिततेचे दंडक घालून दिले, आणि 2014 च्या जुलैत, दहा वर्षांनी, तंजावरच्या न्यायालयाने दहाजणांना दोषी ठरवले. 2024 मध्ये वीस वर्षे झाली होती. अण्णा मला स्मारकाशी घेऊन गेला. आईबाप तसबिरी घेऊन आले होते. तसबिरीतली मुले आठ-नऊ वर्षांची आणि त्यांना धरणारे हात म्हाताऱ्यांचे. मी लांबच उभी राहिले. माझ्यातली शिक्षिका भलत्याच गोष्टीत अडकली होती. हजेरीपटात एखाद्या मुलाचे नाव कमी करायचे तर कारणाचा रकाना भरावा लागतो: स्थलांतर, दुसऱ्या शाळेत प्रवेश, सतत गैरहजर. हे काम कोणाला तरी करावे लागले असेल. कोणत्या दिवशी केले असेल, एका बैठकीत केले असेल का, हे मी कोणालाही विचारले नाही.

बुधवारी मोहरमची सुट्टी होती आणि तीच आषाढी एकादशी. आम्ही गोविंदपुरमला गेलो. कुंभकोणमपासून जवळच तिथे विठ्ठल-रुक्मिणीचे भव्य मंदिर आहे. 2011 साली त्याची प्रतिष्ठा झाली. शिखर महाराष्ट्री वळणाचे, गाई भरपूर, आणि मंडपात अभंग चाललेले. गाणारी मंडळी तमिळ. शेजारच्या दहा-बारा वर्षांच्या मुलाच्या हातात वही होती, तीत अभंग तमिळ लिपीत उतरवलेले. त्या लिपीत क, ख, ग, घ सगळ्यांना एकच अक्षर. तरीही तो बिनचूक गात होता. मी त्याला मराठीत विचारले, तुला याचा अर्थ कळतो का? तो माझ्याकडे नुसता पाहत राहिला. अण्णा टाळ वाजवत होता. या मुलाच्या दाखल्यावर तमिळ असणार आणि ते बरोबरच आहे. पण त्या मंडपात इतके मराठी ऐकू येत होते की गेले तीन दिवस मनात धरलेला तो एक शब्द, टॅमिल, थोडा सैल झाला.

रात्री झोप आली नाही. आजोबांवरचा राग हळूहळू दुसरीकडे वळत होता आणि तो कुठे वळतो आहे हे मला कळत होते.

बीड जिल्ह्यातली माझी दुसरी शाळा तांड्याला लागून होती. दसरा-दिवाळी झाली की निम्मा तांडा ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात जाई आणि पट कागदावर साठ, वर्गात पंचवीस अशी अवस्था होई. त्याचे सोंग मी कधी केले नाही. पण नावेही कमी केली नाहीत. 2011 साली 3 ते 5 ऑक्टोबरला राज्यभर पटपडताळणी झाली, मुलांच्या बोटाला शाई लावून मोजणी केली आणि लाखो नावे खोटी निघाली, तेव्हा दसरा 6 तारखेला असल्याने आमची मुले अजून घरी होती. सगळी शाई लावून घ्यायला हौसेने रांगेत उभी राहिली. माझा पट खरा ठरला. अधिकाऱ्यांनी पाठ थोपटली. त्यांनी बोटे मोजली. रकाने पाहिले नाहीत.

कारण जनरल रजिस्टरात तांड्यावरच्या प्रत्येक मुलापुढे, मातृभाषेच्या रकान्यात, माझ्या हाताने 'मराठी' लिहिलेले होते. कोणी सांगितले म्हणून नव्हे. मी विचारलेच नव्हते. जूनमध्ये वीस-वीस नावे एका दिवशी उतरवायची, आईबाप घाईत, अंगठ्याची शाई वाळायची वाट पाहत उभे. जात, जन्मतारीख, गाव हे विचारावे लागे, कारण त्यावरून पुढे दाखले अडतात. भाषेवरून काही अडत नव्हते. वरच्या ओळीत मराठी होते, खाली दोन टिंबे दिली की झाले.

त्यांतली एक मुलगी पहिलीत सहा महिने बोलली नाही. मी तिला मंद समजले. केंद्रप्रमुखांना तसे सांगितलेही. एके दिवशी तिची आजी मळकट गाठोडे घेऊन दाराशी आली आणि ती पोर उठून जे बोलू लागली, भरभर, हातवारे करत, अधेमधे हसत, ते मला एक शब्दही कळले नाही. गोरमाटी होती ती. मी खडू हातात घेऊन उभी होते आणि त्या दोघींच्या दृष्टीने मीच मुकी होते. पुढे ती मुलगी मराठी चांगले शिकली. चौथीत गेल्यावर तिला मी बिया मोजताना ऐकले: एक, दोन, तीन. मराठीत मोजत होती. मला तेव्हा अभिमान वाटला होता.

रजिस्टर मी दुरुस्त केले नाही. जनरल रजिस्टरात खाडाखोड करायची तर वरिष्ठांची परवानगी लागते, हे कारण मी स्वतःला दिले. ती परवानगी मागितली असती तर कोणी नाही म्हटले नसते. त्या तांड्यातल्या कोण्या मुलीची मुलगी चाळीस वर्षांनी तिथे येऊन पान उघडील, तेव्हा तिला माझे अक्षर दिसेल. सुवाच्य आहे. त्यासाठीही मला शाबासकी मिळालेली आहे.

गुरुवारी निरोप घ्यायला शाळेत गेले. बाई वाटच पाहत होत्या. त्यांना कुठलीशी माहिती वर पाठवायची होती आणि त्या बिहारी भावांचा अर्ज समोर होता. मातृभाषेपुढे त्यांनी पेन्सिलीने 'हिंदी' लिहून ठेवले होते. मला म्हणाल्या, 'तुम्हाला हिंदी येते. एकदा विचारून घ्या. मुले कमी आहेत, वेळ आहे.' शेवटचे वाक्य त्या सहज बोलल्या.

मी मोठ्याला जवळ घेतले. घरी काय बोलता? त्याने शाळेत द्यायचे उत्तर दिले: हिंदी. एवढ्यात धाकटा, ज्याला कोणी विचारले नव्हते, भावाच्या शर्टाला ओढत म्हणाला, 'घर में तो देहाती बोलते हैं.' मोठ्याने त्याला कोपर मारले.

बाईंनी विचारले, काय म्हणाला? मी सांगितले की खेड्यातली बोली, असे म्हणतो आहे. तिला नाव काय? मी मुलांना गाव विचारले; त्यांना गावाचे नाव सांगता आले, जिल्ह्याचे नाही. मैथिली असेल, भोजपुरी असेल, मगही असेल. मैथिली तर राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आहे. या तीन नावांतले एक मी तर्काने सांगू शकले असते आणि बाईंनी विश्वासाने लिहिले असते. त्यांनी पेन्सिलीचे अक्षर खोडरबराने पुसलेही होते आणि पेन घेऊन थांबल्या होत्या. रकाना कोरा.

'त्यांची आई कधी येते?' मी विचारले.

'चारला. साइटवरून थेट येते.'

माझी गाडी रात्रीची होती. बाईंनी पहिलीच्या मुलांना पाढे म्हणायला बसवले. ओण्णु, रेंडु, मूणु. धाकटा बिहारी सगळ्यांत मोठ्याने म्हणत होता. मी मागच्या बाकावर बसले. भिंतीवरच्या घड्याळात दोन वाजून दहा मिनिटे झाली होती.